ऑर्डर बुक आणि मंदी

ऑर्डर बुक : कारखान्याने घेतलेल्या, पण अजून माल पोचता न झालेल्या सगळ्या ऑर्डरींची बेरीज. विमाने, मोठे पंप, साखर कारखान्यांची यंत्रे, ट्रकचे ओतीव सुटे भाग या वस्तू सहसा आधी बनवून दुकानात मांडल्या जात नाहीत. गिऱ्हाईक ठरले की काम हातात घेतले जाते. अशा धंद्यात ‘यंदा इतका माल गेला’ हा वर्षअखेरीचा आकडा मागची गोष्ट सांगतो आणि ऑर्डर बुक पुढची. तेजीत दोन्ही आकडे एकाच दिशेने चालतात, त्यामुळे फरक जाणवत नाही. मंदी आली की त्यांची फारकत होते. शिरवळ, सातारा, कराड, पलूस, कुपवाड, मिरज असा जो यंत्र आणि ओतकामाचा पट्टा पसरला आहे, तिथल्या हजारो घरांची चूल या दुसऱ्या आकड्यावर चालते, पण वर्तमानपत्रात छापून येतो तो बहुधा पहिलाच.

ही फारकत सर्वांत स्वच्छ दिसली ती २००८ नंतरच्या बिझनेस जेट उद्योगात. मोठ्या कंपन्या आणि धनिक स्वतःच्या प्रवासासाठी घेतात ती ही छोटी जेट विमाने. करार होताना ठेव, जोडणी सुरू झाली की हप्ते आणि ताबा घेताना उरलेली रक्कम अशी त्यांच्या खरेदीची रीत असते. २००६ ते २००८ या तेजीत रांगा इतक्या लांबल्या होत्या, की काही जण केवळ रांगेतली जागा पकडून ती नफ्याने विकत होते. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी गुंतवणूक बँक कोसळली आणि कर्ज मिळेनासे झाले. नोव्हेंबरात अमेरिकेतल्या तीन बड्या मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारी मदत मागायला आपापल्या कंपनीच्या जेटने वॉशिंग्टनला गेले. त्यावर एवढी झोड उठली, की कंपनीचे विमान असणे हीच अनेकांना अडचण वाटू लागली. तरीही जगभरात १,३०० हून अधिक बिझनेस जेट पोचती झालेले २००८ हे वर्ष तोवरच्या उच्चांकाचे ठरले. ती विमाने मंदीच्या आधी बुक झालेली होती. २००९ मध्ये हा आकडा ८७० च्या आसपास आला, आणि २०१२ पर्यंत तो ७०० च्या खाली उतरला. घसरण थांबायला चार वर्षे लागली. शेअर बाजार त्याच्या कितीतरी आधी वर आला होता.

मंदीतली वाढ कशी असते ते पाहायचे तर ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीचे २००९ हे वर्ष आकड्यांसकट पाहावे. कंपनीने २००८ मध्ये २०४ विमाने दिली होती. २००९ मध्ये २४४ दिली. जगभर बाजार कोसळत असताना विमाने चाळीसने वाढली. बिझनेस जेट तर ३६ वरून थेट ११५ वर गेली. आता त्याच अहवालातली पुढची ओळ : महसूल सुमारे ६.३ अब्ज डॉलरवरून साडेपाच अब्जांवर घसरला. विमाने जास्त आणि पैसा कमी, हे कोडे वाटेल. उलगडा विमानांच्या आकारात आहे. एम्ब्राएरने २००५ मध्ये जाहीर केलेले फेनॉम १०० हे छोटे जेट डिसेंबर २००८ पासून गिऱ्हाइकांच्या हाती पडू लागले. त्याची किंमत पस्तीस-छत्तीस लाख डॉलरच्या घरात होती, तर शंभर आसनी प्रवासी जेटची छापील किंमत त्याच्या दसपटीच्या आसपास. अशी प्रवासी जेट त्या वर्षी १६२ वरून १२५ वर आली. छोट्या विमानांनी संख्या फुगवली आणि मोठ्या विमानांनी पैसा खाली ओढला. ऑर्डर बुक तेवढ्यात २०.९ अब्ज डॉलरवरून १६.६ अब्जांवर आले होते, म्हणजे जेवढे काम बाहेर पडत होते तेवढे नवे आत येत नव्हते. या ‘वाढीच्या’ वर्षाची सुरुवातच कंपनीने सुमारे २० टक्के, म्हणजे चार हजारांहून अधिक कामगार कमी करून केली होती. फेब्रुवारी २००९ मध्ये साओ जोसे दोस कांपोस या कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात ज्यांची नोकरी गेली, त्यांना डिसेंबरातल्या विक्रमी आकड्याचा काय उपयोग?

तरी हे वर्ष नुसते दिखाऊ होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. फेनॉमचे आराखडे तेजीत तयार झाले होते आणि कंपनीने ते मंदीत थांबवले नाहीत. त्याचा थोरला भाऊ फेनॉम ३०० याला डिसेंबर २००९ मध्ये उड्डाणाची मान्यता मिळाली आणि पुढच्या दशकात ते आपल्या वर्गातले सर्वाधिक खपणारे विमान ठरले. मंदीतले वर्ष तोलताना नव्या वस्तूवरचे काम चालू राहिले की नाही, याला बाहेर पडलेल्या संख्येपेक्षा जास्त वजन द्यावे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गल्फस्ट्रीम या अमेरिकी कंपनीने आपले जी-६५० हे तेव्हाचे सर्वांत मोठे जेट ऐन पडझडीत, नोव्हेंबर २००९ मध्ये, पहिल्यांदा उडवले. मागे संरक्षण सामग्री बनवणाऱ्या जनरल डायनॅमिक्स या मालक कंपनीचा भक्कम आधार होता, हे खरे. अमेरिकेतल्याच विचिटा शहरातल्या सेस्ना या जेट कंपनीला तेवढी उसंत मिळाली नाही. तिची जेट २००८ मधल्या ४६० हून अधिक संख्येवरून पुढच्या वर्षी २८९ वर आणि त्यापुढच्या वर्षी १८० च्या खाली आली. साडेचौदा अब्ज डॉलरचे ऑर्डर बुक वर्षभरात पाच अब्जांच्या आत आले आणि कोलंबस नावाचे मोठे नवे जेट २००९ मध्ये रद्द करावे लागले. हॉकर बीचक्राफ्ट या आणखी एका जेट कंपनीची कथा आणखी दुःखद. २००७ मध्ये कर्ज काढून झालेल्या खरेदीचा बोजा तिच्या डोक्यावर होता. मे २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि नंतर जेट बनवणे सोडून दिले.

रद्द होणाऱ्या ऑर्डरीतही प्रतवारी असते. ठेव मोठी असेल तर गिऱ्हाईक शक्यतो तारीख पुढे ढकलतो; ठेव किरकोळ असेल तर सोडून देतो. त्यातच जुन्या विमानांचा बाजार भरून वाहतो. २००९ मध्ये एकूण बिझनेस जेटपैकी साधारण सहामागे एक विकायला निघाले होते. चार वर्षांचे विमान निम्म्या पैशात मिळत असेल तर नव्यासाठी रांगेत कोण उभे राहणार?

सातारा-सांगलीच्या एमआयडीसीत विमाने बनत नाहीत, पण लांबच्या ऑर्डरीवर जगणे इथल्या अंगवळणी पडले आहे. इथे ऑर्डर बुकाची जागा ‘शेड्यूल’ घेते. पुण्याकडची मोठी गाड्यांची कंपनी दर महिन्याला एक तक्ता पाठवते : चालू महिन्याचे नग पक्के, पुढच्या दोन महिन्यांचे अंदाजी. मिरज किंवा कुपवाडच्या फाउंड्रीवाल्याचे, म्हणजे ओतकाम कारखानदाराचे, भविष्य असे तीन रकान्यांत मावते. ठेव नाही, हप्ते नाहीत. अंदाजी रकान्यातला आकडा कमी झाला तर भरपाई नाही. त्या अंदाजावर त्याने मात्र पिग आयर्न (कच्चे लोखंड) आणि भंगार भरलेले असते, पॅटर्न (साच्यासाठीचे नमुने) करून घेतलेले असतात. २००८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात पुण्याच्या पट्ट्यातल्या ट्रक कारखान्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले, म्हणजे काही दिवस उत्पादन सलग बंद ठेवले, आणि इथली शेड्यूल आठवड्याभरात आटली.

अशा वेळी फाउंड्रीत काय होते हे जवळून पाहण्यासारखे असते. इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवर लोखंड वितळवणारी भट्टी, चालो न चालो, महावितरणचा डिमांड चार्ज (वीजभारावरचा मासिक आकार) भरावाच लागतो. थंड भट्टी पुन्हा तापवायची तर वीज जास्त खाते आणि अस्तरालाही तडे जातात. म्हणून मालक रोज थोडे ओतण्याऐवजी आठवड्यातले दोन-तीन दिवस ठरवून सलग हीट (वितळवणीच्या फेऱ्या) घेतात आणि बाकीचे दिवस शेड बंद ठेवतात. मोल्डिंगचा, म्हणजे वाळूचे साचे करणारा, जुना माणूस शक्यतो सोडत नाहीत, कारण वाळू हातात दाबून ओल किती ते सांगणारा माणूस पुन्हा मिळत नाही. फेटलिंगवरचे (ओतलेल्या भागाचे जादा लोखंड घासून काढणारे) कंत्राटी कामगार आधी घरी जातात. हे कामगार कोणत्याही आकडेवारीत ‘कपात’ म्हणून दिसत नाहीत, ही या व्यवस्थेतली मोठी आणि सांगायलाच हवी अशी उणीव आहे.

मंदीत एका वस्तूवर विसंबायचे नाही, हा धडा या भागाने शंभर वर्षांपूर्वी घेतला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हा त्यांचा लोखंडी नांगर हेच मुख्य उत्पादन होते. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे सुरुवातीचे नांगर दोन वर्षे पडून राहिले होते. पहिल्या महायुद्धात परदेशी माल थांबला आणि नांगराची मागणी वाढली, तर कच्च्या लोखंडाचा तुटवडा पडला. म्हणजे ऑर्डरी आहेत आणि ओतायला लोखंड नाही, ही मंदीच्या उलटी कोंडी. पुढे १९२६ मध्ये इथे सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव गडगडले आणि शेतकऱ्याच्या हातात नांगरालाही पैसा उरला नाही, तेव्हा उसाचे चरक, पंप, लेथ आणि लोखंडी फर्निचर अशा विस्ताराचे मोल कळले. साताऱ्यात धनजीशहा कूपर यांचा कारखानाही १९२२ मध्ये नांगरापासूनच सुरू झाला आणि १९३० च्या दशकात, मंदीच्याच काळात, डिझेल इंजिनाकडे वळला. याच कूपर यांनी १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानपद (आजच्या मुख्यमंत्रिपदासारखे) सांभाळले. विमानांशी या भागाचा धागा जोडायचाच तर तो उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्यामुळे जुळतो. त्यांनी १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही विमान कंपनी काढली, आणि सांगलीतले १९४७ चे अभियांत्रिकी महाविद्यालय १९५५ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते.

मंदीत खासगी ऑर्डरी आटल्या तरी सरकारी कामे चालू राहतात, आणि कृष्णाकाठच्या पंप उद्योगाला त्याचा मोठा आधार वाटतो. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांनी पंप, मोटारी, पाइप आणि व्हॉल्व्हची मागणी निर्माण केली. टेंभूचे पाणी कराड तालुक्यात उचलले जाते आणि टप्प्याटप्प्याने आटपाडी-खानापूरच्या दुष्काळी भागाकडे जाते. पण अशा योजना अनेक वर्षे रेंगाळतात : निधी येतो तसे काम सरकते, पंप तयार असतो आणि कालवा खणलेला नसतो, माल गेला तरी बिल निघत नाही. कागदावर ऑर्डर बुक जाड दिसते आणि खात्यात पैसा नसतो. म्हणून कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची) मर्यादा वाढवून मागणाऱ्या कारखानदाराला बँकेचा अनुभवी अधिकारी ऑर्डरींची बेरीज विचारून थांबत नाही. कितींवर ॲडव्हान्स जमा झाला, किती बिले ९० दिवसांवर थकली आणि त्यांतली सरकारी किती, याची यादी मागतो.