आधणात आलं, शेवटी गूळ

गेल्या दिवाळीत काकू घरी आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "साखरेचा नको गं, आपला गुळाचा चहा कर." दूध म्हशीचं, गूळ गुऱ्हाळावरचा, आलं ताजं. पहिली उकळी आली आणि पातेल्याच्या कडेला बारीक पांढरे कण दिसू लागले. मिनिटाभरात वर चोथा, खाली पिवळसर पाणी. सगळ्यांनी दुधाला दोष दिला. पण त्याच दुधाचा साखरेचा चहा सकाळी उत्तम झाला होता. मग बिघडलं कुठे?

दुधातल्या प्रथिनांपैकी जवळपास ८० टक्के केसिन असतं. त्याचे अतिसूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात. प्रत्येक गोळ्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि दूध एकसंध राहतं. आम्ल आलं की हा भार कमी होतो, गोळे एकमेकांना चिकटतात आणि दूध नासतं. ताज्या दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका खाली तितकं आंबट) ६.६ च्या आसपास असतो. थंड दूध नासायला तो ४.६ पर्यंत उतरावा लागतो, पण उकळत्या दुधात सहाच्या थोडं खाली गेलं तरी पुरे होतं. आम्ल थोडं असलं तरी आच त्याचं काम पूर्ण करते.

गुळात हे आम्ल येतं उसातूनच. उसाचा रस मुळात आंबटसर असतो. म्हणून तर गुऱ्हाळावर काहिलीत चुन्याची निवळी घालतात. भेंडीचा चिकट रस घालतात तो मळी वर आणण्यासाठी. तरीही गुळात थोडी आम्लं आणि कॅल्शियमसारखी खनिजं उरतात, आणि जास्तीचं कॅल्शियमही तापलेल्या केसिनला गोठवायला मदत करतं. पावसाळ्यात ओल धरलेला, पाझरलेला गूळ आणखी आंबटतो. साखर म्हणजे जवळजवळ निव्वळ सुक्रोज, तिच्यात यातलं काही नसतं. तरी गुळाचा चहा नासणारच, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. गूळ उकळत्या दुधात घालायचा नाही, एवढंच.

दुसरा संशयित आलं. ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि ते प्रथिनं तोडतं. साधारण ६० ते ७० अंशांना ते फार जोरात काम करतं. चीनमध्ये कोमट दुधात आल्याचा रस घालून खरवसासारखा मऊ गोड पदार्थ मुद्दाम लावतात, तो याच विकराच्या जोरावर. किसलेलं आलं गार दुधात टाकून पातेलं मंद आचेवर ठेवलं, तर दूध नेमकं त्याच तापमानातून सावकाश जातं. तेच आलं आधी पाण्यात खळखळ उकळलं तर विकर निकामी होतं आणि तिखटपणा मात्र राहतो. आपल्या आज्या आलं आधणातच ठेचून टाकायच्या, ते किती बरोबर होतं!

आता दाटपणा. इथे कोल्हापूर नशीबवान आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून दूध पिणाऱ्यांच्या या गावाला म्हशीच्या दुधाचं महत्त्व सांगायला नको. गाईच्या दुधात साधारण ४ टक्के स्निग्धांश, तर म्हशीच्या दुधात ६ ते ८, आणि केसिनही जास्त. पण नुसतं दूध दाट असून भागत नाही. दूध घातल्यावर मंद आचेवर पाच-सात मिनिटं पळीने ढवळत राहावं लागतं. पाणी वाफ होऊन जातं. ७० अंशांच्या पुढे दुधातली दुसरी प्रथिनं उलगडून केसिनला चिकटतात आणि चहाला अंग येतं. दुधातली साखर आणि प्रथिनं यांच्या अभिक्रियेतून खमंगपणा येतो. चहातली तुरट पॉलिफिनॉल्स केसिनला बांधली जातात, म्हणून जिभेला तुरटपणा कमी जाणवतो. ढवळणं थांबलं की वर साय धरते, वाफ तिच्याखाली कोंडते आणि चहा उतू जातो.

वेलदोड्याचा वास हवेत लवकर उडतो, म्हणून तो शेवटच्या मिनिटाला कुटून घालावा. गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्रालचा. त्याची पात आधणात चालते, पण झाकण हवं.

दोन कपांसाठी मी पाऊण कप पाण्यात आलं आणि गवती चहा उकळते, मग दोन चमचे चहा पावडर, दोन मिनिटांनी आधीच तापवलेलं दीड कप दूध. रंग विटकरी झाला की वेलदोडा आणि गॅस बंद. उकळी पूर्ण बसली की किसलेला गूळ घालून ढवळायचं, आणि पातेलं परत गॅसवर चढवायचं नाही. गूळ जुना असेल तर तो कपातच ठेवते आणि वरून चहा गाळते. तळाशी विरघळायला दोन-तीनदा ढवळावं लागतं. काकूंना परवा असाच करून दिला, त्यांनी दुसरा कप मागितला.