स्थलांतरितांची कमाई आणि चाळणीचं गणित

अमेरिकेत कोणत्या देशातून आलेली कुटुंबं किती कमावतात, याची एक यादी व्हॉट्सअ‍ॅपवर वरचेवर फिरत असते. भारतीय सगळ्यांत वर असतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘आपले संस्कार, आपली बुद्धी, गणित तर आपल्या रक्तातच.’ भारतीय कुटुंबं वरच्या क्रमांकावर असतात हे खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे भारतीयांच्या उदाहरणावरून नीट दिसत नाही, कारण तिथे आपल्यालाच आपलं कौतुक असतं. म्हणून ज्यांच्याशी आपलं कसलंच नातं नाही असे दोन समाज घेऊ: सामोअन आणि इथिओपियन.

सामोआ ही दक्षिण प्रशांत महासागरातली बेटं. पश्चिमेकडची बेटं न्यूझीलंडच्या कारभारातून १९६२ साली स्वतंत्र झाली, पूर्वेकडची १९०० पासून अमेरिकेकडे आहेत. स्वतंत्र सामोआत साधारण दोन लाख माणसं राहतात, अमेरिकन सामोआत पन्नास हजारांच्या आसपास. १८३० नंतर मिशनरी आले, गावोगाव पाद्र्याची शाळा निघाली आणि आज तिथे जवळपास प्रत्येक प्रौढ माणसाला लिहिता-वाचता येतं. इथिओपियाचं चित्र नेमकं उलटं. लोकसंख्या दहा कोटींहून जास्त, आणि २००७ साली दहा प्रौढांपैकी जेमतेम चौघे साक्षर.

आता हेच दोन समाज अमेरिकेत पाहा. २००० सालच्या जनगणनेत पंचविशीच्या पुढच्या सामोअन लोकांमध्ये पदवीधर होते दहात एक. इथिओपियातून आलेल्यांमध्ये हे प्रमाण त्याच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणजे ज्या देशात सगळे साक्षर, तिथून आलेले शिक्षणात मागे, आणि ज्या देशात २००७ सालीही निम्म्याहून जास्त लोक निरक्षर होते, तिथून आलेले पुढे! संस्कृतीचा सिद्धांत मांडणाऱ्याने आधी हे कोडं सोडवून दाखवावं.

ते सुटतं एका साध्या प्रश्नाने: मायदेशातल्या किती लोकांपैकी किती बाहेर पडले, आणि कोणत्या चाळणीतून?

सामोअन लोकांसाठी चाळणीची भोकं फार मोठी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना आणि मांस प्रक्रियेच्या कत्तलखान्यांना हात हवे होते. पदवी कुणी विचारत नव्हतं. एक भाऊ ऑकलंडला गेला की त्याच्या मागोमाग बहीण, मेहुणा, पुतण्या जात. अमेरिकन सामोआत तर व्हिसाची भानगडच नाही. तिथे जन्मलेली व्यक्ती अमेरिकेची ‘राष्ट्रीय’ असते. पूर्ण नागरिक नाही, अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही, पण विमानात बसून लॉस एंजेलिसला उतरायला परवानगी लागत नाही. १९५१ साली पांगो पांगोचा नौदल तळ बंद झाला, बेटावरच्या नोकऱ्या गेल्या, आणि पुढच्याच वर्षी नौदलात काम केलेले सामोअन आपली बायकामुलं घेऊन जहाजाने हवाईला गेले. तिथून सॅन डिएगो, लाँग बीच, कार्सन, ओकलंड: जिथे नौदल आणि गोद्या, तिथे सामोअन वस्ती. २०१० साली अमेरिकेत स्वतःला सामोअन म्हणवणारे सुमारे १ लाख ८४ हजार लोक होते, २०१८ साली न्यूझीलंडमध्ये जवळपास १ लाख ८३ हजार. ऑस्ट्रेलियातले वेगळेच. बेटांवर राहिलेल्यांपेक्षा बाहेरचे सामोअन जास्त आहेत.

इथिओपियाची चाळणी बारीक. १९७४ साली सम्राट हैले सेलासीला लष्कराने पदच्युत केलं. ‘देर्ग’ नावाची लष्करी समिती सत्तेवर आली आणि १९७७-७८ च्या ‘लाल दहशती’त शहरांतले शिकलेले तरुण वेचून मारले गेले. पळाले कोण? अमेरिकेत आधीच शिकत असलेले विद्यार्थी परतलेच नाहीत. बाकीचे सुदानमधल्या छावण्यांत पोचले. १९८० च्या निर्वासित कायद्यानंतर त्यांतल्या काहींना अमेरिकेने घेतलं. सुदानपर्यंत चालत जाणं, छावणीत वर्षं काढणं, मुलाखतीला उभं राहणं, या प्रत्येक टप्प्यावर माणसं गळत गेली. १९९५ पासून व्हिसाची लॉटरी सुरू झाली. नाव लॉटरी असलं तरी अर्ज करायला बारा वर्षांचं शालेय शिक्षण किंवा प्रशिक्षण लागणाऱ्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव हवा. २००७ सालीही साक्षरताच चाळीस टक्क्यांच्या आत असलेल्या देशात या एका अटीने बहुतेक जनता चिठ्ठी टाकण्याआधीच बाद झाली. सगळे मिळून अमेरिकेत इथिओपियन किती? २०१४ च्या सुमारास मुलांसकट अडीच लाखांच्या आसपास. दहा कोटींत अडीच लाख, म्हणजे चारशेंत एक.

आता या लेखातला मला सर्वांत आवडणारा भाग. थोडं गणित आहे, पण ते सोडून पुढे जाऊ नका, कारण सगळं रहस्य त्यातच आहे.

समजा एका गावातल्या पुरुषांची सरासरी उंची १६५ सेंटिमीटर आहे आणि प्रमाण विचलन ६ सेंटिमीटर. प्रमाण विचलन म्हणजे माणसं सरासरीच्या दोन्ही बाजूंना किती पांगलेली आहेत याचं माप. उंचीचा आलेख घंटेच्या आकाराचा येतो, मध्ये गर्दी आणि कडांना विरळ. आता गावातली सर्वांत उंच निम्मी माणसं बाजूला काढा. त्यांची सरासरी किती येईल? गणित सांगतं, मूळ सरासरीपेक्षा ०.८ विचलन जास्त, म्हणजे सुमारे १७० सेंटिमीटर. निम्मा गाव उचललात तर यापेक्षा उंच सरासरी मिळणं शक्यच नाही, मग निवड कितीही काटेकोर करा. पण चारशेंत एकच माणूस निवडलात तर? सरासरी ३.१ विचलन वर जाऊ शकते. म्हणजे जवळजवळ १८४ सेंटिमीटर. गाव तेच, माणसं तीच, अन्न तेच. फरक फक्त किती जणांना उचललं याचा.

उंचीच्या जागी शिक्षण, जिद्द, ओळखीपाळखी, घरची ऐपत यांचं मिश्रण ठेवा. सामोआतून निम्म्याहून जास्त समाजच बाहेर गेला असेल, तर त्याची सरासरी मूळ समाजापेक्षा फार वेगळी असूच शकत नाही. इथिओपियातून चारशेंत एक गेला असेल, तर तो गट मूळ समाजापेक्षा कितीही वेगळा असायला मोकळा आहे.

अर्थात ही कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षात चाळणी उंचीची काठी घेऊन उभी नसते. कोण सुटेल हे नशीब, नातेवाईक, सरहद्द किती लांब, यावरही ठरतं. तेव्हा निवड ज्या निकषावर होते त्याचा आणि आपल्याला मोजायच्या गुणाचा सहसंबंध, म्हणजे दोन्ही किती जोडीने वाढतात याचं माप, विचारात घ्यावा लागतो. काहीच संबंध नसेल तर तो शून्य, पूर्ण असेल तर एक. तो ०.३ इतकाच धरला, तर सरासरीतला फरक ३.१ गुणिले ०.३, म्हणजे सुमारे ०.९३ विचलन. सामोअन लोकांसाठी तोच हिशेब ०.८ गुणिले ०.३, म्हणजे ०.२४. इतक्या ढिसाळ निवडीनेही दोन गटांत चौपट अंतर पडलं, आणि त्यात कुठल्याही संस्कृतीचा गुणदोष आपण धरलेला नाही.

याची तपासणी कशी करायची? समाज तोच ठेवून चाळणी बदलून पाहायची, आणि इतिहासाने ही सोय करून ठेवली आहे. इथिओपियातल्या गोंदर आणि तिग्राय भागातले ज्यू, म्हणजे बेटा इस्रायल, १९८४-८५ आणि मग १९९१ साली इस्रायलने विमानांनी उचलून नेले. १९९१ च्या मे महिन्यात साधारण ३६ तासांत चौदा हजारांहून जास्त माणसं नेली. एकाच जंबो जेटमध्ये हजाराहून जास्त जण बसवले होते. इथे चाळणी जवळपास नव्हतीच. खेडोपाड्यातले शेतकरी, कुंभार, लोहार, आजी-आजोबा, तान्ही मुलं, सगळा समाज एकदम गेला. अंतर पुढे कमी होत गेलं, तरी इस्रायलमधले इथिओपियन ज्यू तिथल्या बाकीच्या ज्यूंपेक्षा उत्पन्नात आणि पदव्यांत मागेच राहिले. अमेरिकेत वॉशिंग्टनला स्थिरावलेला इथिओपियन आणि इस्रायलमधला इथिओपियन एकाच देशातून आलेले, पण ज्या रीतीने निघाले ती वेगळी.

समाजशास्त्रज्ञ सिंथिया फेलिसियानो यांनी २००५ साली ३२ गटांचा असाच हिशेब मांडला. अमेरिकेत आलेल्यांचं शिक्षण मायदेशी राहिलेल्यांशी ताडून पाहिलं. ३१ गटांत आलेले लोक जास्त शिकलेले निघाले. अपवाद एकच, कॅरिबियन समुद्रातलं अमेरिकेच्या ताब्यातलं बेट प्वेर्तो रिको. आणि प्वेर्तो रिकोच्या लोकांना अमेरिकेत जायला व्हिसा लागत नाही, अगदी अमेरिकन सामोआसारखंच.

आपल्याकडे पाहायचं तर १८३४ नंतर मुंबई बंदरातून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेले मराठी लोक उसाच्या मळ्यांत राबले. दीड शतकानंतर पवईच्या आयआयटीतून मराठी पोरं अमेरिकेत गेली आणि संगणक कंपन्यांत लागली. दोन्हीकडे माणसं महाराष्ट्राचीच होती. ‘गणित रक्तात’ असेल तर मळ्यावरच्या रक्तात ते नव्हतं का?

रक्ताचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. २०१६ साली सामोअन लोकांत वजन वाढवणारा एक जनुकीय प्रकार सापडला आणि जगभर ‘सामोअन लोकांचं लठ्ठपणाचं जनुक’ अशा बातम्या झाल्या. ज्यांच्यात तो प्रकार असतो त्यांना मधुमेहाचा धोका कमी असतो, ही गोष्ट त्याच संशोधनात होती, ती बातम्यांत दबली. अशा बातमीपासून ‘म्हणून ते गरीब’ इथवर उडी मारायला लोकांना वेळ लागत नाही. जनुकांवरून समाजाची पत ठरवणं आणि पत्रिकेवरून ठरवणं, दोन्हींत पुरावा सारखाच असतो.

मग स्थलांतराने माणसाचं खरोखर किती भलं होतं, हे निवडीचा परिणाम वगळून मोजता येतं का? येतं, जिथे खरीखुरी चिठ्ठी काढतात तिथे. न्यूझीलंड सामोआतून वर्षाला ११०० जणांना चिठ्ठ्या टाकून घेतो. सामोआच्या शेजारच्या टोंगासाठी अशीच, छोटी योजना २००२ साली सुरू झाली. डेव्हिड मॅकेन्झी, जॉन गिब्सन आणि स्टीव्हन स्टिलमन यांनी टोंगाच्या चिठ्ठीत नाव लागलेल्यांची तुलना अर्ज करूनही नाव न लागलेल्यांशी केली. दोन्ही गटांची जिद्द सारखीच, कारण दोघांनीही अर्ज केला होता. फरक नशिबाचा. पहिल्या वर्षातच नाव लागलेल्यांचं उत्पन्न २६३ टक्क्यांनी वाढलं होतं. गेलेल्यांची तुलना अर्जच न केलेल्यांशी करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत हा फायदा २० ते ८२ टक्के फुगून दिसतो. ती सूज म्हणजे चाळणी. माणूस तोच, फक्त देश बदलला, आणि कमाई साडेतीन पटीच्या वर गेली, हा आकडा माझ्या मते अर्थशास्त्रातल्या सर्वांत महत्त्वाच्या आकड्यांपैकी एक आहे.

चाळणीने सगळं उलगडतं असंही नाही. पोचल्यावर काय मिळतं, हेही आहेच. न्यूझीलंडमध्ये १९७३ च्या तेल संकटानंतर कामं आटली आणि ज्यांना आवतण देऊन आणलं त्यांच्याच दारावर पोलीस पहाटे थापा मारू लागले. १९७४ ते ७६ मधल्या या पहाटेच्या धाडींबद्दल सरकारने माफी मागितली ती २०२१ साली. १९८४ नंतरच्या आर्थिक फेररचनेत कारखाने बंद पडले, तेव्हा सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त फटका माओरी म्हणजे तिथले मूळ रहिवासी आणि बेटांवरून आलेले यांना बसला. लाँग बीचची नौदलाची गोदी १९९७ साली बंद झाली. वॉशिंग्टनच्या इथिओपियन लोकांना मात्र वाढतं शहर मिळालं. त्यांतल्या पदवीधरांनाही टॅक्सी चालवावी लागली, वाहनतळांवर पावत्या फाडाव्या लागल्या, कारण अदिस अबाबाच्या पदवीला तिथे भाव नव्हता. पण त्यांच्याकडे ‘इकुब’ होतं. ही सरळ सरळ भिशीच. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे घालायचे, आळीपाळीने एकाने उचलायचे. ज्यांना बँक दारात उभं करत नव्हती त्यांची हॉटेलं आणि दुकानं अशा पैशांवर उभी राहिली.

शेवटी एक बाब भागाकाराची. अशा याद्यांत उत्पन्न घरटी मोजतात. दोन घरं घ्या, दोन्हींची कमाई वर्षाला ६० हजार डॉलर, एकात तीन माणसं, दुसऱ्यात सहा. माणशी भागलं तर २० हजार आणि १० हजार. पण सहा माणसांना दोन फ्रिज आणि दोन घरभाडी लागत नाहीत, म्हणून अर्थतज्ज्ञ पुष्कळदा माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागतात. मग साधारण ३४,६०० आणि २४,५०० येतात. सामोअन घर तीन पिढ्यांचं आणि पोराबाळांनी भरलेलं असतं. २००० साली अमेरिकेतल्या सामोअन लोकसंख्येचं मध्यम वय पंचविशीच्या आत होतं, सबंध देशाचं ३५. नव्याने आलेल्या इथिओपियन घरांत एकटी-दुकटी माणसं जास्त. त्यामुळे घरटी मोजलं की सामोअन कुटुंबं बरी दिसतात आणि भागाकार केला की खाली घसरतात. यादी करणाऱ्याने कशाने भागलं, हे यादीत लिहिलेलं नसतं.

आणि भागाकाराच्याही आधी वजाबाकी करायला हवी. सामोअन माणसाचं कुटुंब म्हणजे ‘आइंगा’, ते बेटापासून ऑकलंड आणि कार्सनपर्यंत पसरलेलं असतं. लग्न, मयत, मताई म्हणजे कुटुंबप्रमुखाचा मान देण्याचा सोहळा, चर्चचं बांधकाम, अशा प्रत्येक ‘फाआलावेलावे’ला सगळ्यांनी पैसे पाठवायचे असतात. अलीकडच्या वर्षांत सामोआच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक चतुर्थांशाच्या घरात रक्कम अशा परदेशातून आलेल्या पैशांची आहे. इथिओपियन टॅक्सीवालाही गावी पैसे धाडतो, पण दहा कोटींच्या देशात त्याचा वाटा एवढा मोठा दिसत नाही. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या वार्षिक पाहणीत घरात आलेल्या पगाराचा, भाड्याचा, पेन्शनचा असे सगळे प्रश्न आहेत. घरातून किती पैसे परदेशी नातेवाइकांना गेले, हा प्रश्न त्यात नाही.