जनुकीय संकेत आणि आनुवंशिक लक्षणे

आई-वडिलांची लक्षणे संततीत उतरतात ती पेशींतल्या डीएनए या रेणूमार्फत. डीएनएच्या साखळीत ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन हे चार बेस, म्हणजे रासायनिक घटक, असतात. ओळीने येणाऱ्या तीन बेसचा एक कोडॉन होतो. एकूण कोडॉन ६४. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. पैकी ६१ कोडॉन २० अमिनो आम्लांसाठी आणि ३ ही साखळी थांबवण्यासाठी. कोणत्या कोडॉनला कोणते आम्ल, हा ठराव म्हणजे जनुकीय संकेत. १९६१ मध्ये नीरेनबर्ग आणि मॅथाई या शास्त्रज्ञांनी त्यातला पहिला कोडॉन उलगडला. या संशोधनासाठी १९६८ चे नोबेल नीरेनबर्ग, हॉली आणि हरगोबिंद खुराना यांना मिळाले. माणूस, म्हैस, ऊस, जिवाणू या सर्वांत संकेत जवळपास एकच असतो. म्हणूनच जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेता येते.

एक प्रथिन बनवण्याची माहिती असलेला डीएनएचा भाग म्हणजे, ढोबळमानाने, जनुक. त्यातला एक बेस बदलला तरी कधी कधी मोठा फरक पडतो. सिकलसेल या रक्ताच्या आजारात हिमोग्लोबिन या रक्तातल्या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, बस्स इतकेच.

जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्ही दिसतीलच असे नाही. आईचा रक्तगट ए, वडिलांचा बी, पण दोघांकडेही ओ ची न दिसणारी प्रत असेल, तर मुलाचा ओ असू शकतो. त्यावरून घरात संशय घेण्याचे कारण नाही.

कोल्हापूर भागातला ऊस या विषयाचा चांगला नमुना आहे. इथे लावण बियांनी होत नाही, डोळे असलेल्या टिपऱ्यांनी होते. डोळ्यातून फुटणाऱ्या कोंबात मूळ उसाचीच जनुके असल्यामुळे को ८६०३२ या वाणाचे बेणे लावले की तोच वाण उभा राहतो, तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या खोडव्यातही तोच. तुऱ्यातल्या, म्हणजे उसाच्या फुलोऱ्यातल्या, बियांचे तसे नाही. आजचा ऊस संकरित, त्याची गुणसूत्रे (डीएनए ज्यांत असतो ते पेशीतले धागे) साधारण शंभराच्या पुढे. त्यांची वाटणी प्रत्येक बीत वेगळी होते आणि एकाच तुऱ्यातली रोपे एकमेकांसारखी निघत नाहीत. शेतकऱ्याला तुरा नकोसा, पण नवे वाण काढणाऱ्याला तोच हवा. कोइमतूरला ऊस चांगला फुलतो, म्हणून पैदास केंद्र तिथे. वाणाच्या नावातला ‘को’ तिथलाच.

तरी सगळे जनुकांवर ढकलणे चूक. एकाच वाणाचा ऊस शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड रानात खुरटतो आणि निचऱ्याच्या रानात जोमाने वाढतो. साखरेचा उतारा तोडणी कधी होते यावरही ठरतो. उंची, दुधाचे प्रमाण अशा लक्षणांमागे तर अनेक जनुके असतात, शिवाय आहार. पैलवानाच्या पोराला बापाची उंची, हाडपेर काही प्रमाणात मिळेल. तालमीत कमावलेले दंड मात्र मिळत नाहीत, कारण जोर-बैठकांनी स्नायू वाढतात, बीजपेशींतल्या डीएनएचा क्रम तसाच राहतो.