सीएमएस निवडण्याआधी मजकूर कसा साठतो ते पाहा

अमेरिकेच्या व्हाइट हाउसचं संकेतस्थळ ऑक्टोबर २००९ मध्ये ड्रुपल या सीएमएसवर, म्हणजे संकेतस्थळाचा मजकूर साठवून त्याची पानं दाखवणाऱ्या प्रणालीवर गेलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये वर्डप्रेस या दुसऱ्या सीएमएसवर आलं. नासाचं मुख्य संकेतस्थळही बरीच वर्षं ड्रुपलवर होतं. २०२३ मध्ये तेही वर्डप्रेसवर हललं. म्हणजे वर्डप्रेस सरस, असं कुणाला वाटेल. पण ही संकेतस्थळं ड्रुपलनेही वर्षानुवर्षं चालवून दाखवली होती. ‘सगळ्यात चांगली सीएमएस कोणती?’ या प्रश्नाने हाती फारसं काही लागत नाही. आपला मजकूर कशा घडणीचा आहे आणि समोरची प्रणाली तो कसा साठवते, एवढं आधी समजून घेतलं तर निम्मी निवड तिथेच होऊन जाते. बहुतेक ठिकाणी मात्र आधी नाव ठरतं आणि मग मजकूर त्यात कोंबला जातो. त्याचा त्रास पुढची अनेक वर्षं संपादकांना होतो, म्हणून हे जरा खोलात जाऊन पाहू.

सीएमएसचं मूळ काम सोपं आहे. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, पानाचा साचा वेगळा राहतो, आणि वाचकाने पत्ता उघडला की दोन्ही जोडून पान तयार होतं. प्रत्येक प्रणाली हे आपापल्या जन्माला धरून करते. वर्डप्रेस २००३ साली ब्लॉग लिहिण्यासाठी निघाली, त्यामुळे तिच्या लेखी मजकुराचा मूळ घटक म्हणजे शीर्षक, तारीख आणि सलग मजकूर. ड्रुपल २००१ साली खुली झाली. तिची सुरुवात बेल्जियममधल्या विद्यार्थ्यांच्या सूचनाफलकापासून. मीडियाविकी विकिपीडियासाठी घडली, म्हणून तिथे प्रत्येक पानाची प्रत्येक जुनी आवृत्ती जपली जाते. यातल्या प्रत्येकीला पुढे बरंच काही शिकवता आलं, तरी तिचा मूळ पिंड लपत नाही.

समजा, एका वस्तुसंग्रहालयाच्या संकेतस्थळावर ४०,००० वस्तूंची पानं आहेत. प्रत्येक पानावर वस्तूचं नाव, धातू, काळ, सापडल्याचं ठिकाण आणि दोन परिच्छेदांचं वर्णन आहे. संपादकाने हे सगळं एकाच मोठ्या चौकटीत टाइप केलं, तर वाचकाला पान छानच दिसेल. दोन वर्षांनी कुणीतरी म्हणेल, ‘१८०० च्या आधीच्या सगळ्या पितळी वस्तू एका पानावर दाखवा.’ आता डेटाबेसला ‘पितळ’ हा धातू आहे की वर्णनात सहज आलेला शब्द, हे ओळखता येत नाही. ४०,००० पानं पुन्हा उघडून माहिती वेगळी काढणं, एवढाच मार्ग उरतो. म्हणून माहितीचा जो तुकडा पुढे कधीतरी शोधायचा, क्रमाने लावायचा किंवा दुसरीकडे दाखवायचा आहे, त्याला पहिल्या दिवसापासून स्वतंत्र रकाना हवा.

तो रकाना कसा साठतो, यातही फरक पडतो. वर्डप्रेसमध्ये असे जादा रकाने नेहमीच्या पद्धतीने ‘पोस्टमेटा’ नावाच्या एकाच टेबलात जातात. वस्तूचे १५ रकाने असतील तर १५ ओळी. ४०,००० वस्तूंच्या ६,००,००० ओळी. या टेबलात प्रत्येक किंमत, मग ती आकडा असो की नाव, अक्षरांच्या रूपात पडून असते. त्यामुळे ९००, १२०० आणि १७५० ही सालं जशीच्या तशी क्रमाने लावली तर १२००, १७५०, ९०० अशी येतात, कारण अक्षर म्हणून १ हा ९ च्या आधी लागतो. हे आकडे आहेत, असं प्रत्येक शोधात मुद्दाम सांगावं लागतं. धातू, काळ आणि ठिकाण अशा तीन अटी एकदम लावल्या की डेटाबेसला तेच टेबल तीनदा स्वतःशी जोडून पाहावं लागतं, आणि शोध मंदावतो. कुशल प्रोग्रामर स्वतंत्र टेबल बांधून यातून वाट काढतो, पण ते काम आपल्याला करावं लागणार हे आधी माहीत हवं.

ड्रुपल प्रत्येक रकान्याला त्याचं स्वतःचं टेबल देते. आकडा आकडा म्हणून राहतो, तारीख तारीख म्हणून. त्याचा भार दुसऱ्या बाजूला येतो: एक वस्तू पुरती वाचायची तर १५ टेबलं धुंडाळावी लागतात. बातम्या, लेख, निवेदनं असा सलग वाचायचा मजकूर असेल तर एवढी यंत्रणा उगाच जड होते, तिथे वर्डप्रेसचा साधेपणा मला जास्त पटतो. वस्तू, अभ्यासक्रम, कायदे, औषधं अशी रकान्यांत बसणारी माहिती असेल तर ड्रुपलसारखी रचना हवी. वर्डप्रेसमध्ये डिसेंबर २०१८ पासून जे ब्लॉक (परिच्छेद, छायाचित्र असे मजकुराचे सुटे तुकडे) दिसतात, त्यांनी हा फरक मिटला असं अनेकांना वाटतं. पडद्यावर तुकडे वेगळे दिसतात हे खरं, पण साठवताना ते खुणांसकट एकाच सलग मजकुरात जातात.

मोठं संकेतस्थळ म्हटलं की पहिली धास्ती असते गर्दीची. इथे थोडं गणित करू. सेकंदाला १०० पानं मागितली जातात आणि एक पान घडवायला सर्व्हरचे ०.२ सेकंद लागतात, असं धरू. म्हणजे दर सेकंदाला २० सेकंदांचं काम; २० प्रोसेसर सतत राबले तरच भागेल. आणि नुसतं भागणं पुरत नाही. वाचक कधीही येतात, त्यामुळे रांग लागते. रांगेच्या सर्वांत साध्या गणिती प्रारूपात सर्व्हर ५० टक्के व्यग्र असेल तर उत्तराला मूळ वेळेच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट, ९५ टक्क्यांना वीसपट. संकेतस्थळ कालपर्यंत नीट चालत होतं आणि आज थोडी गर्दी वाढताच कोलमडलं, त्यामागे बहुधा हेच गणित असतं.

उपाय म्हणजे घडवलेलं पान जपून ठेवायचं आणि पुढच्या वाचकाला तेच द्यायचं. यालाच कॅशे म्हणतात. १०० पैकी ९५ पानं कॅशेतून गेली तर सर्व्हरला सेकंदाला ५ पानंच घडवावी लागतात, म्हणजे एका प्रोसेसरचं काम. ९९ गेली तर एकच पान. ९५ आणि ९९ मध्ये कागदावर चारचाच फरक दिसतो, पण सर्व्हरचा भार एक पंचमांश होतो! वार्निश हे प्रसिद्ध कॅशे सॉफ्टवेअर २००६ साली नॉर्वेच्या ‘व्हीजी’ या वृत्तपत्राच्या संकेतस्थळासाठी याच गरजेतून तयार झालं.

तेव्हा पानं किती आहेत, यापेक्षा किती वाचक लॉगिन करून येणार, हे आधी विचारायला हवं. लॉगिन केलेल्याला त्याचं स्वतःचं पान लागतं, आणि ते दुसऱ्याला देता येत नाही. दुसरा प्रश्न मजकूर बदलण्याचा. वस्तुसंग्रहालयातल्या एका वस्तूचं साल दुरुस्त केलं तर तिचं पान, तिची यादी, शोधाचं पान, मुखपृष्ठ यांपैकी कुठलं जपलेलं पान शिळं झालं, हे प्रणालीला कळलं पाहिजे. ड्रुपलने आठव्या आवृत्तीपासून प्रत्येक जपलेल्या पानावर ते कोणत्या मजकुरापासून बनलं याची चिठ्ठी लावायची सोय मूळ गाभ्यातच आणली. बाकीकडे ही सोय आहे की सगळी कॅशे एकदम पुसली जाते, हे विकणाऱ्याला नेमकं विचारावं. कॅशे भर गर्दीत पुसली गेली तर १०० च्या १०० पानं पुन्हा सर्व्हरवर येऊन आदळतात.

हल्ली मजकूर साठवणारी प्रणाली आणि पान दाखवणारी प्रणाली पूर्ण वेगळी ठेवायचीही पद्धत आहे. एकच मजकूर अ‍ॅप, संकेतस्थळ आणि फलकांवर जाणार असेल तर ती चांगलीच. मात्र ‘छापण्याआधी पान कसं दिसेल?’ हे संपादकाला दाखवणं तिथे वेगळं बांधावं लागतं. भूमिका, परवानग्या, मसुदा-तपासणी-प्रसिद्धी ही साखळी आता बहुतेक प्रणालींत मिळते, त्यात अडकून पडू नये.

सुरक्षेचं मात्र तसं नाही. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधल्या एका गंभीर भगदाडाची दुरुस्ती जाहीर झाली. काही तासांतच आपोआप हल्ले करणारे प्रोग्राम सुरू झाले. पुढे ड्रुपलच्या सुरक्षा गटाने सांगितलं की ज्यांनी सात तासांच्या आत दुरुस्ती बसवली नाही, त्यांनी आपलं संकेतस्थळ फोडलं गेलं आहे असंच धरून चालावं. अशी भगदाडं सगळ्याच प्रणालींत निघतात, वर्डप्रेसच्या प्लगइनमध्ये, म्हणजे बाहेरून जोडायच्या भागांमध्ये, तर सतत. म्हणून निवड करताना विचारायचं ते असं: रात्री अशी दुरुस्ती आली तर ती बसवणारा माणूस आपल्याकडे आहे का? आणि बसवण्याआधी ती तपासायला संकेतस्थळाची दुसरी प्रत आहे का? दोन्ही नसेल तर देखभालीसकट मिळणारी सेवा महाग वाटली तरी घ्यावी.

आवृत्तीबदलाचाही हिशेब धरावा. ड्रुपलची सातवी आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली, आठवी नोव्हेंबर २०१५ मध्ये. दोहोंची आतली बांधणी इतकी वेगळी होती की जुनं संकेतस्थळ नव्यावर नेणं जवळजवळ नव्याने बांधण्यासारखंच होतं. अनेक जण जुन्यावरच राहिले. सातव्या आवृत्तीला दुरुस्त्यांचा आधार देणं थांबवण्याची तारीख पुढे ढकलत अखेर ५ जानेवारी २०२५ ला आली.

एक बारीकशी गोष्ट देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं होतं आणि प्रत्येक बाइट टक्केवारीच्या खुणेसह ३ अक्षरांत लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला ९ अक्षरं. वर्डप्रेस पानाच्या पत्त्याला २०० अक्षरं देते. काना-मात्रा धरून जेमतेम २२ चिन्हं बसतात, उरलेलं शीर्षक कापलं जातं. हजारो लेख हलवताना दोन लांब शीर्षकांचे पत्ते इथे सारखेच होऊ शकतात. प्रणाली मग दुसऱ्याला शेपटीला आकडा जोडते, आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची यादी चुकते.

म्हणून करारावर सही होण्याआधी दोन चाचण्या कराव्यात. आपल्याकडची सर्वांत वेडीवाकडी ५० पानं निवडायची: लांब कोष्टकं, तीन भाषा, तळटीपा, जुनी छायाचित्रं असलेली. ती विक्रेत्याच्या माणसाने नव्हे, रोज काम करणाऱ्या संपादकाने नव्या प्रणालीत भरायची. मग तीच पानं तिथून बाहेर काढायची. तारखा तारखा म्हणून निघाल्या का, छायाचित्रांच्या ओळी त्यांच्याच छायाचित्रांना चिकटून राहिल्या का, जुन्या आवृत्त्या आल्या का, हे एकेक उघडून पाहायचं. बाहेर आलेली फाइल त्या प्रणालीशिवाय दुसऱ्या कशातच उघडत नसेल, तर तो करार करू नये.