हायडॅटिडची गाठ एक, कृमी अनेक

दिवाळी सरली की सासवड-भोरकडच्या मोकळ्या रानांत धनगरांचे वाडे दिसू लागतात. मेंढरं, घोडी, कोंबड्या आणि राखणीची कुत्री. जिथे मेंढरू आणि कुत्रं एकत्र, तिथे एकायनोकॉकस नावाच्या पट्टकृमीची सोय होते. पुण्यातल्या मटणाच्या दुकानामागे घुटमळणारी कुत्रीही त्याला चालतात म्हणा.

पट्टकृमी म्हटलं की हातभर लांब फीत डोळ्यापुढे येते. हा मात्र जेमतेम तिळाएवढा, अंगाचे खंड तीन-चार. राहतो कुत्र्याच्या आतड्यात. अंडी विष्ठेतून गवतावर, भाजीपाल्यावर पोचतात. ती मेंढीच्या, म्हशीच्या किंवा माणसाच्या पोटात गेली की यकृतात नाहीतर फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ धरते. तीच हायडॅटिड गाठ. तसली कलेजी कापून कुत्र्यापुढे टाकली, की फेरा पुरा झाला.

रिपोर्टवर ‘हायडॅटिड’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यामागचा कृमी मात्र दर वेळी एकच नसतो. १९९२ साली मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या) एका जनुकाचा डीएनएच्या ३६६ अक्षरांचा तुकडा वाचून त्याचे प्रकार वेगळे काढण्यात आले आणि त्यांना जी-१, जी-२ असे क्रमांक मिळाले. जी-१ मेंढीचा, जी-३ म्हशीचा. या तुकड्यात दोघांत फरक अवघ्या दोन-तीन अक्षरांचा, म्हणून ते आज एकाच जातीत धरतात. गाईगुरांतला जी-५ इतका वेगळा निघाला की त्याला स्वतंत्र जातीचा मान मिळाला. जगभरात माणसांत सापडणाऱ्या गाठी बहुतेक जी-१च्या असतात.

हे प्रकार एकमेकांत मिसळून का जात नाहीत? एका अंड्यातून एक गाठ होते आणि त्या गाठीत हजारो कृमिशिरं, म्हणजे पुढे कृमी होणारी इवली डोकी, तयार होतात, सगळी एकाच साच्यातली. कुत्र्याने ती गाठ खाल्ली की त्याच्या आतड्यात जुळ्यांची फौजच उभी राहते. शिवाय प्रत्येक कृमी नरही आणि मादीही, स्वतःचं स्वतः फलन करणारा. नवं रक्त मिसळायला वाव फार थोडा.

महाराष्ट्रातल्या जनावरांच्या गाठी तपासल्या तेव्हा म्हशीचा जी-३ सर्वांत जास्त आढळला, जी-५ही होता. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण नियंत्रणाचे गाजलेले कार्यक्रम न्यूझीलंड, टास्मानियासारख्या मेंढ्यांच्या मुलखात आखले गेले. जी-१ कुत्र्याच्या पोटात अंडी देऊ लागायला साधारण साडेसहा आठवडे घेतो, म्हणून कुत्र्यांना दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल हे जंतांचं औषध द्यायची पद्धत पडली. जी-५ मात्र पाचच आठवड्यांत अंड्यांवर येतो. सहा आठवड्यांच्या वेळापत्रकात त्याला मधला आठवडा मोकळा मिळतो. तेव्हा इथे कुत्र्यांना औषध द्यायचं ठरलं तर आधी आपल्या कत्तलखान्यांतल्या गाठींचे प्रकार तपासून घ्यावेत आणि मग दोन डोसांमधलं अंतर ठरवावं.