पी-५३ : दहा वर्षं उलटं वाचलं गेलेलं जनुक

नागपुरात गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्याची किंवा न भरणाऱ्या जखमेची बायोप्सी झाली की काही रिपोर्टांत ‘पी-५३ पॉझिटिव्ह’ असा शेरा दिसतो. घरातलं कुणीतरी मोबाईलवर शोधतं, पी-५३ कॅन्सरला रोखतं असं वाचतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. पी-५३ हे पेशीतलं एक प्रथिन, आणि ते बनवणाऱ्या जनुकालाही तेच नाव. या प्रथिनाने शास्त्रज्ञांनाही असंच चकवलं होतं, फक्त उलट्या बाजूने.

१९७९ मध्ये लंडनला डेव्हिड लेन व लायनेल क्रॉफर्ड, प्रिन्स्टनला आर्नल्ड लेव्हिन व डॅनियल लिन्झर आणि इतर काही गटांना ते जवळपास एकाच वेळी सापडलं. शोध चालला होता एसव्ही-४० या माकडांच्या विषाणूचा. विषाणूचं प्रथिन वेगळं काढलं की त्याला चिकटून आणखी एक प्रथिन यायचं, आणि ते विषाणूचं नव्हतं, पेशीचं स्वतःचं होतं. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर त्याचं वजन ५३ किलोडाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक) भरलं, म्हणून हे नाव. खरं वजन ४४ च्या आसपास आहे, पण नाव पडलं ते पडलं.

कॅन्सरच्या पेशींत हे प्रथिन भरपूर सापडायचं, निरोगी पेशींत जेमतेम. तेव्हा हेच कॅन्सर पेटवत असणार, असं सगळ्यांनी धरलं. १९८४ मधल्या प्रयोगांनी त्याला दुजोराही दिला: रास या कॅन्सरला चालना देणाऱ्या जनुकाच्या जोडीने पी-५३ पेशीत घातलं की पेशी बेलगाम वाढायच्या. खोट नमुन्यात होती. ज्या पेशींतून हे जनुक उचललं होतं, त्यांतच ते बिघडलेलं होतं, आणि ती बिघडलेली प्रत मूळ प्रत समजून वापरली जात होती.

१९८९ मध्ये लेव्हिन यांच्याच प्रयोगशाळेने दाखवलं की धडधाकट प्रत घातली तर पेशींचं कॅन्सरकडे वळणं उलट आवरतं. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाला आतड्याच्या कॅन्सरमध्ये १७ व्या गुणसूत्रावरच्या पी-५३ च्या दोन प्रतींपैकी एक गळालेली आणि उरलेली बिघडलेली आढळली. या सगळ्या इतिहासात मला लेव्हिन यांची ही कृती सर्वांत मोलाची वाटते. दहा वर्षं ज्या समजुतीवर काम उभं राहिलं, ती त्यांनी स्वतःच्या हाताने मोडली.

चित्र मग स्पष्ट झालं. हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात काम करतं. डीएनएला इजा झाली की विभाजन थांबवणारी जनुकं चालू करतं, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावतं. लेन यांनी १९९२ मध्ये त्याला जीनोमचा, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएचा, राखणदार म्हटलं. माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये या जनुकात बिघाड सापडतो.

तो कशाने झाला याची खूणही कधीकधी जनुकातच राहते. १९९१ मध्ये यकृताच्या कॅन्सरमध्ये बुरशी लागलेल्या धान्यातल्या अफ्लाटॉक्सिनची, तर १९९६ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तंबाखूच्या धुरातल्या बेंझोपायरिनची खूण याच जनुकात ओळखता आली.

आपल्याकडे मात्र धुरापेक्षा खर्रा जास्त. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून पन्नीत बांधलेला, तासन्‌तास गालात धरलेला. नुसती सुपारीदेखील कॅन्सरकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००३ मध्ये जाहीर केलं. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली, तरी ठेल्यावरचा खर्रा सुरूच राहिला. गाल आणि हिरड्यांच्या कॅन्सरचा भारतीय जनुकीय अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वारंवार बिघडलेल्या जनुकांत पी-५३ होतंच.

आता रिपोर्टाकडे. निरोगी पी-५३ तयार होऊन थोड्याच वेळात मोडतं, म्हणून पी-५३ दिसावं यासाठी रंगवलेल्या बायोप्सीच्या स्लाइडवर ते इथंतिथं फिकट दिसतं. बिघडलेलं प्रथिन मोडत नाही, साठत जातं, आणि जवळजवळ प्रत्येक केंद्रक गडद तपकिरी होतं. अशा गडद रंगाचा अर्थ राखणदार जागा आहे असा नसून तो निकामी झाल्याचा संशय, असा आहे. बिघाडाने प्रथिन तयारच होत नसेल तर स्लाइड अगदी कोरी राहते, आणि तेही वाईटच. त्यामुळे ‘पॉझिटिव्ह’ एवढ्या एका शब्दावर काहीच ठरवू नका. रंग कसा आणि किती पसरलाय, हे पॅथॉलॉजिस्टला विचारा.

घरचे आणखी एक विचारतात: मुलांना होईल का? जन्मतःच हे जनुक बिघडलेलं असणारी कुटुंबं आहेत. त्यांच्या आजाराला ली-फ्रॉमेनी सिंड्रोम म्हणतात आणि त्यामागचं कारण १९९० मध्ये सापडलं. तो दुर्मीळ आहे. खर्ऱ्याने झालेला बिघाड गालातल्या त्या पेशींपुरता असतो, तो मुलांकडे जात नाही. मुलांकडे जाते ती सवय, आणि पोरं ती घरातच पाहून उचलतात.