यजमानालाही न वाचता येणारी मेमरी

'डेटा एन्क्रिप्टेड आहे, आम्हालासुद्धा तो दिसत नाही.' भाड्याने सर्व्हर देणारी मंडळी हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने बोलतात की ऐकणारा मान डोलावून मोकळा होतो. पर्वरीतल्या एका डॉक्टर मित्राला रुग्णांच्या नोंदी क्लाउडवर न्यायच्या होत्या, तेव्हा त्यालाही हेच सांगितलं गेलं. त्याने मला विचारलं, "खरंच दिसत नाही का रे?" मी म्हटलं, बहुतेक ठिकाणी दिसू शकतो.

डिस्कवर पडून असलेला डेटा कुलूपबंद असतो, तारेतून जाणाराही असतो. पण एखाद्या रुग्णाचा जुना रिपोर्ट शोधायचा म्हटला की प्रोसेसरला तो उलगडून मेमरीत ठेवावाच लागतो. क्लाउडमध्ये ही मेमरी तुमच्या एकट्याची नसते. एकाच खऱ्या यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभी केलेली आभासी यंत्रं, पाहुण्यांसारखी चालतात आणि त्या सगळ्यांना मेमरी वाटून देतो तो हायपरवायझर. भाड्याच्या खोलीची दुसरी किल्ली घरमालकाच्या खिशात असावी, तशी पाहुण्या मशीनची सगळी मेमरी या यजमानाला वाचता येते. त्याचा हेतू चांगला असेलही. पण त्याच्या यंत्रणेत कुणी घुसलं, तर तुमचं एन्क्रिप्शन कामाला येत नाही.

इंटेलने 2015 साली स्कायलेक प्रोसेसरमध्ये यावर एक उपाय आणला, सॉफ्टवेअर गार्ड एक्स्टेंशन्स, म्हणजे एसजीएक्स. मेमरीचा एक भाग प्रोसेसर स्वतःकडे राखून ठेवतो, त्याला ईपीसी म्हणतात. सुरुवातीच्या प्रोसेसरांत हा भाग जास्तीत जास्त 128 एमबीचा होता आणि त्यातली सुमारे 93 एमबी प्रत्यक्ष वापरता यायची. प्रोग्रामचा नाजूक तुकडा या भागात चालतो, तो एन्क्लेव्ह. प्रोसेसरबाहेर मेमरीच्या चिपमध्ये त्यातलं सगळं एन्क्रिप्ट होऊनच जातं. बाहेरच्या कोडने, अगदी ऑपरेटिंग सिस्टिमनेही, तिथे वाचायला गेलं तर त्याला सगळे बिट 1 मिळतात, आणि लिहायला गेलं तर लिहिलेलं वाऱ्यावर जातं.

आता खरा पेच. ही सोय व्हर्च्युअल मशीनच्या आत कशी पोचवायची? ईपीसीची पानं, म्हणजे मेमरीचे ठराविक मापाचे तुकडे, वाटणार हायपरवायझरच, आणि पानांत काय आहे हे कळू द्यायचं नाही तेही त्यालाच. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 5.11 आवृत्तीत एसजीएक्स आलं, 2021 च्या फेब्रुवारीत. त्याच वर्षी जूनमध्ये 5.13 आवृत्तीत केव्हीएम या हायपरवायझरला ते पाहुण्यांपर्यंत नेता येऊ लागलं आणि डिसेंबरमध्ये क्यूएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या 6.2 आवृत्तीत त्याची जोडणी आली. पाहुण्याला 64 एमबी ईपीसी दिली तर आतल्या लिनक्सच्या सुरू होतानाच्या (बूट) नोंदींत तेवढाच पट्टा दिसतो. आपण खऱ्या यंत्रावर नाही, हे त्या पट्ट्यावरून कळायला मार्ग नसतो.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी, की पाहुणी मशीन एन्क्लेव्ह बांधण्याच्या बहुतेक सूचना थेट प्रोसेसरला देते, यजमान मध्ये येत नाही. ईसीक्रिएट ही पहिली सूचना मात्र गरज पडल्यास तो अडवतो आणि या पाहुण्याला जे गुणधर्म वापरायची परवानगी नाही ते मागितलेत का एवढं तपासतो. पुढे एकेक पान भरलं जातं. पान 4096 बाइटचं, आणि त्याचं मोजमाप 256 बाइटच्या तुकड्यांनी होतं, म्हणजे एका पूर्ण पानाला सोळा वेळा. सगळ्याची मिळून 256 बिटांची एक खूण तयार होते. कोडमधला एक बिट बदलला तरी खूण बदलते. दूर बसलेला माणूस प्रोसेसरची सही असलेली ही खूण तपासतो आणि मगच गुपित आत पाठवतो.

यजमान लबाडी करू शकेल का? समजा त्याने मेमरीतल्या पत्त्यांचे तक्ते बदलले आणि एका पानाच्या जागी दुसरं पान आणून ठेवलं. प्रोसेसरकडे ईपीसीच्या प्रत्येक पानाची वेगळी नोंद असते. पान कुठल्या एन्क्लेव्हचं, कुठल्या पत्त्यासाठी बांधलेलं, त्यावर वाचायची, लिहायची की चालवायची परवानगी, हे सगळं तिच्यात असतं. ही नोंद सॉफ्टवेअरला थेट बदलता येत नाही. पत्ता जुळला नाही की काम तिथेच अडतं. पानं वाटण्याचा अधिकार यजमानाकडे राहतो, पण ती कुणाची आणि कशी वापरायची याचा हिशेब प्रोसेसरकडे.

पानं परत घेतानाची गोष्ट तर आणखी मजेची. पाहुणी मशीन बंद झाली की यजमान पानं एकेक करून मोकळी करतो. प्रत्येक एन्क्लेव्हला एक मुख्य पान असतं आणि बाकीची त्याची मुलं मानली जातात. मुलं शिल्लक असताना मुख्य पान काढायला गेलं तर प्रोसेसर नकार देतो. आता कुठलं पान मुख्य आणि कुठलं कुणाचं मूल, हे पाहुण्याने ठरवलेलं, यजमानाला माहीत नाही. मग लिनक्स काय करतं? सगळी पानं एकदा काढून पाहतं. जी नाही म्हणतात ती मुख्य पानं, हे ओळखून दुसऱ्या फेरीत त्यांना पुन्हा हात घालतं. तरीही काही उरू शकतात, कारण एकाच पाहुण्याला ईपीसीचे दोन पट्टे दिलेले असतील तर मुख्य पान एका पट्ट्यात आणि मुलं दुसऱ्यात असू शकतात. अशी पानं वेगळ्या यादीत थांबतात आणि पुढचा पट्टा बंद होताना पुन्हा तपासली जातात. आत न पाहता, फक्त नकारावरून रचना ओळखायची ही युक्ती वाचली तेव्हा मी कितीतरी वेळ त्या कोडपाशीच थांबलो होतो.

याची किंमतही आहे. पाहुण्याला दिलेली पानं यजमान मध्येच काढून दुसऱ्याला देत नाही, मशीन बंद होईपर्यंत ती अडकलेली राहतात. 93 एमबीच्या काळात हे फार जाचक होतं. 2021 च्या झिऑन या इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरांत एका सॉकेटला 512 जीबीपर्यंत ईपीसी मिळू लागली, तेव्हा श्वास घ्यायला जागा झाली.

दसऱ्याला आपल्याकडे कॉम्प्युटरलाही झेंडूची माळ चढते, त्यात काही वावगं नाही. पण 'मिलिटरी दर्जाची सुरक्षा' हे शब्द मंत्रासारखे म्हटल्याने सर्व्हर सुरक्षित होत नाही, आणि एसजीएक्सचं नाव घेऊनही होत नाही. 2018 मध्ये फोरशॅडो या हल्ल्याने प्रोसेसरच्या कॅशमधून, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या मेमरीतून, एन्क्लेव्हची गुपितं काढून दाखवली. 2019 मध्ये प्लंडरव्होल्टने प्रोसेसरचा व्होल्टेज खाली खेचून आतली गणितं चुकवली. दोन्हींवर दुरुस्त्या आल्या. म्हणून खूण तपासताना प्रोसेसरचा मायक्रोकोड, म्हणजे त्याच्या आतला छोटा प्रोग्राम, अद्ययावत आहे का हेही पाहावं लागतं. शिवाय पाहुण्याला चालूच न देण्याचा अधिकार यजमानाकडे राहतोच, त्यापासून एसजीएक्स वाचवत नाही.

इंटेलचं टीडीएक्स आणि एएमडीचं एसईव्ही आता अख्खी व्हर्च्युअल मशीनच यजमानापासून झाकतात. वापरायला ते सोपं, पण मग आतली पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम विश्वासात घ्यावी लागते, लाखो ओळींच्या कोडसकट. रुग्णांच्या नोंदी उलगडणारी किल्ली सांभाळायची असेल तर मी आजही छोटा एन्क्लेव्हच निवडेन.

मात्र एक अडचण आधीच लक्षात घ्यावी. ईपीसीची एन्क्रिप्शन किल्ली प्रोसेसरच्या आतच असते आणि वीज गेली की ती जाते. पावसाळ्यात दिवे जाणं आपल्याला नवं नाही, पण इथे बॅटरी बॅकअप असूनही प्रश्न सुटत नाही, कारण यंत्र बदलायचं झालं तरी हीच अडचण येते. साधी व्हर्च्युअल मशीन चालू असताना एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवता येते. एन्क्लेव्ह असलेली तशी हलवता येत नाही, कारण त्याची पानं दुसऱ्या प्रोसेसरला वाचताच येत नाहीत. डिस्कवर मोहोरबंद करून ठेवलेली गुपितंही मूळ प्रोसेसरवरच उघडतात. त्यामुळे नव्या यंत्रावर एन्क्लेव्ह पुन्हा बांधायचा, त्याची खूण पुन्हा तपासायची आणि मगच किल्ली पुन्हा पाठवायची, ही सोय प्रोग्राम लिहितानाच करून ठेवावी लागते.